माळवद : ऊन, भूकंप आणि घर

'शाश्वत वास्तुरचना' हे शब्द अलीकडे वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून वारंवार कानी पडतात. त्यांचा अर्थ साधारणपणे असा सांगितला जातो की, घर त्या त्या ठिकाणच्या हवामानाला धरून असावे, जवळपास मिळणाऱ्या सामग्रीचे असावे, आणि ज्यांना त्यात राहावयाचे आहे त्यांना ते बांधता व दुरुस्त करता यावे. व्याख्या म्हणून हे ठीकच आहे. परंतु आपल्या लातूर-धाराशिव भागात या व्याख्येपुढे एक मोठी अडचण उभी राहते. या तिन्ही अटी पुऱ्या करणारे घर आपल्याकडे शेकडो वर्षे होते. त्याचे नाव माळवद. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, याच घराने सुमारे आठ हजार माणसे आपल्या पोटात गाडली.

म्हणून या विषयावर आपल्या भागातून लिहिणाऱ्याला, 'आपले पूर्वज किती शहाणे होते' अशी सुरुवात करता येत नाही. आणि 'मातीची घरे म्हणजे मागासलेपण' असे म्हणून सुटकाही करून घेता येत नाही. दोष सामग्रीचा होता, की बांधणीचा, की आणखी कशाचा, हे नीट तपासावे लागते. आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपैकी कोणीही तो भूकंप पाहिलेला नाही. त्यांच्या आईवडिलांनी पाहिला. परंतु माळवद पाडावे की ठेवावे हा प्रश्न आजही अनेकांच्या घरी रोज निघतो, माझ्याही घरी निघतो. त्या निमित्ताने मी जे वाचले, पाहिले आणि गवंड्यांना विचारले, ते येथे मांडतो.

प्रथम माळवद म्हणजे काय ते पाहू. कोकणात पाऊस धो धो कोसळतो म्हणून तेथे उतरते कौलारू छप्पर. आपल्याकडे वर्षाकाठी पडणारा पाऊस कोकणाच्या चौथा हिस्सादेखील नसतो, आणि तोही अनेकदा दगा देतो. पाणी झटकून टाकणारे छप्पर ही येथली गरज नव्हती. ऊन थोपवणारे छप्पर ही गरज होती. त्यासाठी लाकडी खांब उभे करीत, त्यांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिपा, त्यावर पाला आणि चिखल, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणत, आणि घराचे मोजमाप खणांवरूनच होई : अमक्याचे घर पाच खणांचे, तमक्याचे बारा खणांचे. सोयरीक जुळवतानाही किती खणांचे घर आहे हे विचारले जाई.

माती पांढरीच का? काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. ती पिकाला चांगली, घराला वाईट. शेतात हात हात लांब पडलेल्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वेगळे सांगावयास नको. पांढरी माती भिजली की दाटून बसते आणि पाणी खाली उतरू देत नाही. आपल्या जुन्या व्यवहारात गावठाणाला 'पांढर' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणत ते उगीच नाही. कोठे राहावे आणि कोठे पेरावे याचे भूगर्भशास्त्रच त्या दोन शब्दांत साठवलेले आहे. भूगोलाच्या तासाला मी मृदांचे वर्गीकरण शिकवतो तेव्हा या दोन शब्दांपासून सुरुवात करतो. पुस्तकातील तक्ता मागाहून येतो.

भिंती काळ्या बेसाल्ट दगडाच्या, मातीत बसवलेल्या, दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंतही जाड. या जाडीचे काम काय? दगड-माती उष्णता चटकन घेत नाहीत आणि चटकन सोडीतही नाहीत. दीड फूट मातीतून दुपारच्या उष्णतेची लाट आतल्या अंगापर्यंत पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारी दोनचे ऊन घरात शिरते ते मध्यरात्रीनंतर, आणि तेही पुष्कळसे बोथट होऊन; आणि त्या वेळी घरातली माणसे माळवदावर, चांदण्यात झोपलेली असतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा माळवदाच्या आतल्या खोलीत काळोख असतो, पण गारवाही असतो. हिवाळ्यात तीच भिंत ऊब धरून ठेवते. छपरातला झरोका उजेड देतो आणि चुलीचा धूर बाहेर काढतो. भिंतीच्या जाडीतच कोनाडे, तिच्यातच धान्याचे बळद. वर वाळवणे घालावयास अंगण मिळते ते निराळेच. एकाला एक लागून असलेल्या घरांच्या भिंती गल्लीवर सावली धरतात. भर मे महिन्यात जुन्या गावातून म्हातारी माणसे सावलीसावलीने चावडीपर्यंत जाऊ शकत.

हा गुणांचा भाग झाला. आता हे घर पडले कसे ते पाहू. कारण त्याचे उत्तर 'भूकंप झाला म्हणून' एवढे सोपे नाही. किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा होता. जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. एवढ्या धक्क्यात जपानमध्ये एवढी माणसे मरत नाहीत.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आपल्याकडची जाड भिंत ही एक भिंत नसतेच. बाहेरून दिसणारा दगडांचा एक पापुद्रा, आतून दिसणारा दुसरा, आणि दोहोंच्या मध्ये भरलेले दगडगोटे, चिपा आणि माती. दोन पापुद्र्यांना एकमेकांशी जखडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड असला तर ती एकसंध राहते. असे जोडदगड जुन्या गढ्यांत आणि देवळांत दिसतात. सामान्य घरांतून ते केव्हाच गळाले होते. लांब दगड घडविण्यास मजुरी अधिक पडते, आणि प्लास्टर किंवा लिंपण झाल्यावर तो आत आहे की नाही हे कोणाला कळणार? जमीन हलली की दोन पापुद्रे विरुद्ध दिशांना फाकतात आणि मधला भराव खाली बसून त्यांना आणखी बाहेर ढकलतो. एका वृद्ध गवंड्याने मला हे आपल्या भाषेत सांगितले : "सर, भिंत पडत नसती. आधी तिला पोट सुटतं, मग ती फुटती." अभियांत्रिकीच्या अहवालांत जे अनेक पाने लागून लिहिलेले आहे ते हेच.

दुसरा दोष छपराचा. पावसात माळवद गळू लागले की त्यावर मातीचा नवा हात फिरवावयाचा, ही रीत. जुनी माती कोणी काढीत नसे. पिढ्यान् पिढ्या थर वाढत गेला आणि काही घरांत तो दोन फुटांच्याही वर गेला. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. मातीचा घनफूट पंचेचाळीस किलो धरला, तर दोन फूट जाडीच्या माळवदाचा भार दर चौरस फुटाला नव्वद किलो होतो. पाच बाय आठ फुटांचा एक खण म्हणजे चाळीस चौरस फूट. त्यावर साडेतीन टनांहून अधिक माती. म्हणजे झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर दर खणामागे एक भरलेला छोटा ट्रक उभा. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते आणि दमून आलेली माणसे घरात गाढ झोपली होती.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. माळवदाचा भार खरे तर भिंतींवर नसून लाकडी खांबांवर असतो. भूकंपानंतर कित्येक ठिकाणी असे दिसले की भिंती ढासळल्या आहेत, पण खणांचा सांगाडा जागेवर उभा आहे. जेथे लाकूड जाड होते, सांधे घट्ट होते आणि खांब भिंतीत न गाडता मोकळे होते, तेथे माणसे वाचली. पुढे जंगल तुटले, सागवान महागले, आणि खांब गाळून तुळया सरळ भिंतीवर टेकवण्याची चाल पडली. परंपरेचा खर्चिक भाग वगळला आणि जड भाग ठेवला, असे हे झाले. तेव्हा 'परंपरेने माणसे मारली' असे म्हणताना कोणती परंपरा, हे विचारले पाहिजे. जी पडली ती पुष्कळशी परंपरेची झिजलेली प्रत होती.

त्यात आणखी एक. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत सुरक्षित अशा पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये नकाशा सुधारला तेव्हा किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात गेला. १९९२ साली किल्लारीला धक्के जाणवले होते, पण त्यावरून घरे तपासावीत असे घडले नाही. हिमालयात किंवा कच्छात भूकंपाची आठवण गवंड्यांच्या हातात उतरलेली असते, भिंतीत लाकडाचे आडवे पट्टे येतात. आपल्याकडच्या हातांना ती आठवणच नव्हती. माळवद हे उन्हाशी शेकडो वर्षे बोलत आलेले घर होते. जमिनीशी त्याचे बोलणे कधी झाले नव्हते.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा जो कार्यक्रम घेतला, तो त्या काळातील देशातील मोठ्या कार्यक्रमांपैकी एक होता. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. हे स्थलांतर लोकांवर लादले गेले असे सरसकट म्हणता येणार नाही. जेथे आपली माणसे गाडली गेली तेथे पुन्हा राहण्याची हिंमत लोकांत उरली नव्हती, आणि यादीत नसलेली गावेही 'आम्हालाही हलवा' म्हणत होती. घरांचा आकार मात्र जमीनधारणेवरून ठरला. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. नुकसानीचा विचार करता यात एक हिशेब होता, हे मान्य. पण जुन्या गावातील उच्चनीचता सिमेंटमध्ये पुन्हा ओतली गेली, हेही तितकेच खरे. 'समाजाशी संवाद' असे आपण सहज म्हणतो; त्या समाजात कोणाचा आवाज किती मोठा, हे असे चौरस फुटांतून दिसते. जुन्या गावच्या एकोप्याचे गोडवे गाताना गावकुसाबाहेरची वस्तीही आठवावी.

नवी घरे काँक्रीटची. ती पडणार नाहीत, ही खात्री ज्यांनी घरची पाच-पाच माणसे गमावली त्यांच्यासाठी किती मोठी होती, ते दुसऱ्याने ठरवू नये. परंतु आखणी शहरी वसाहतीसारखी झाली : सरळ रेषा, रुंद रस्ते, क्रमांक घातलेले भूखंड. गावे पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पसरली आणि त्यासाठी शेतीखालची जमीन गेली. रुंद रस्त्यावर सावली नाही. पातळ भिंती आणि स्लॅब दुपारी तापतात आणि रात्रीपर्यंत तापलेल्याच राहतात. औजारे कोठे ठेवावीत, कडबा कोठे रचावा, जनावरे कोठे बांधावीत, चूल कोठे मांडावी, हे नकाशात नव्हते. लोकांनी ते मागाहून आपल्या हाताने केले : पुढे पत्र्याची ओसरी काढली, चूल बाहेर नेली, आणि काही जणांनी जुन्या गावच्या ढिगाऱ्यातून आपल्या वाड्याचा कोरीव दरवाजा उचलून आणून नव्या कुंपणाला बसवला. काँक्रीटच्या दोन खोल्यांच्या पुढे तो सागवानी दरवाजा पाहिला की हसू येत नाही.

असे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. ईजिप्तमध्ये लुक्सॉरजवळ गुर्ना नावाचे गाव प्राचीन सरदारांच्या थडग्यांवरच वसलेले होते. थडग्यांतील चोऱ्या थांबाव्यात म्हणून सरकारने ते हलविण्याचे ठरवले आणि नवे गाव बांधण्याचे काम १९४५ च्या सुमारास हसन फती या वास्तुशिल्पज्ञाकडे दिले. युद्धामुळे लाकूड-लोखंड मिळत नव्हते. फतींनी आस्वान भागातील नुबियन गवंड्यांकडून, आधाराचा लाकडी साचा न लावता कच्च्या विटांच्या कमानी व घुमट उभारण्याची जुनी कला उचलली. मातीच्या जाड भिंती, आतला चौक, वरची वाऱ्याची झुळूक घरात ओढून घेणारी उंच धुराडी : उष्ण कोरड्या प्रदेशाला साजेसे सारे काही त्यांनी योजले. घरे एकसारखी न करता प्रत्येक कुटुंबाचा निराळा विचार केला. तरीही गुर्नाचे लोक गेले नाहीत. त्यांची उपजीविका थडग्यांच्या आणि प्रवाशांच्या आधारावर होती. शिवाय घुमट त्यांना पिराच्या कबरीची आठवण करून देत. जित्या माणसाने घुमटाखाली का निजावे? दोन-तीन वर्षांत काम अर्धवट थांबले. फतींनी यावर लिहिलेला ग्रंथ १९६९ मध्ये कैरोत निघाला आणि १९७३ च्या शिकागो आवृत्तीने जगभर पोचला. त्यातून स्फूर्ती घेऊन अनेकांनी मातीकडे पाहावयास सुरुवात केली.

मला या प्रकरणात एकच गोष्ट सलते. चौक केवढा हवा, तबेला कोठे हवा, हे लोकांना विचारले गेले. मुळात जावयाचे आहे का, हे विचारले गेले नाही. जो निर्णय सर्वांत मोठा तो आधीच झालेला होता, आणि तो वास्तुशिल्पज्ञाच्या हातीही नव्हता. किल्लारीला याच्या उलट घडले : जावे की न जावे यात लोकांचा आवाज होता, घर कसे हवे यात तो क्षीण झाला.

लॉरी बेकर यांचे काम आपल्याला अधिक जवळचे आहे. इंग्लंडात १९१७ मध्ये जन्मलेला हा क्वेकर पंथाचा तरुण चीनमधील सेवेहून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबला असता गांधीजींना भेटला. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामग्रीतून बांधलेले असावे, हा गांधीजींचा विचार बेकरांनी आयुष्यभर बाळगला. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या कुट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा विचार कोठून आला ते दिसेल. पुढे पिथौरागडच्या डोंगरांत सोळा वर्षे आणि नंतर केरळात, अखेरपर्यंत म्हणजे २००७ पर्यंत, त्यांनी घरे, शाळा, दवाखाने, चर्च बांधली. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेचा परिसर त्यांचाच.

बेकरांची युक्ती पाहण्यासारखी आहे. विटा आडव्या न रचता धारेवर उभ्या रचल्या की भिंतीत आत पोकळी राहते. तेवढ्याच जाडीच्या भिंतीला विटा सुमारे चतुर्थांशाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. काँक्रीटच्या स्लॅबचा खालचा भाग ताणात असतो. तेथे काम लोखंड करते, काँक्रीट नुसते ओझे होऊन राहते. मग त्या जागी जुनी मंगळुरी कौले भरावीत, सिमेंटही वाचते आणि छपरातून उतरणारी उष्णताही घटते. खिडकीऐवजी विटांची जाळी, गिलावा नाहीच. १९८५ मध्ये त्यांनी काही समविचारी मंडळींसह 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली. १९९९ च्या चमोली भूकंपानंतर डोंगरी दगडी घरे कशी बांधावीत यावर त्यांनी हाताने चित्रे काढून एक पुस्तिका केली. तिचा रोख, दगड टाकून देऊ नका, दगड नीट बांधा, असा आहे.

तथापि बेकरांचे अंधानुकरण करण्यात अर्थ नाही. केरळात विटांसाठी माती भाताच्या खाचरांतून निघते आणि भट्टीला लाकूड लागते. पाच मैल हे काही मंत्राक्षर नव्हे. आपल्याकडे विटेला योग्य मातीच दुर्मीळ; काळ्या मातीची वीट भाजताना तडकते. आपल्या पाच मैलांत आहे तो बेसाल्ट, पांढरी माती, बाभूळ आणि कडुनिंब. आणि पाण्याचे दुर्भिक्ष इतके की २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. काँक्रीटला कालवण्यासाठी आणि पुढे दिवसेंदिवस मुरवण्यासाठी पाणी लागते, याचा हिशेब कोणी धरीत नाही. जगात माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन वायूपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला येतात, हा मोठा हिशेब त्याच्या पुढचा.

या संदर्भात पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाचे एक उदाहरण मला फार उपयोगी वाटते. तेथील गांदो या गावचा फ्रान्सिस केरे हा मुलगा बर्लिनला वास्तुशास्त्र शिकला आणि पैसे जमवून त्याने आपल्या गावात शाळा बांधली. ती २००१ मध्ये पुरी झाली. त्याने मातीची शाळा म्हणताच गावकरी साशंक झाले : माती पावसात वाहून जाते, हे ते दरवर्षी पाहत होते. शिकून आलेल्या माणसाने सिमेंट आणायचे सोडून माती का आणावी? केरेने वाद घातला नाही. मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबयंत्राने विटा पाडल्या आणि त्या टिकतात हे दाखवले. विटा गावकऱ्यांनी पाडल्या, जमीन बायकांनी चोपली. वर्गावर मातीच्या विटांचे छत, आणि त्याच्या वर, हातभर मोकळी जागा सोडून, पत्र्याचे रुंद छप्पर. पत्रा पाऊस अंगावर घेतो, तापतो. पण त्याची उष्णता मधल्या वाऱ्याबरोबर निघून जाते. या शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक. पारितोषिकांचे सोडा. पत्रा टाकाऊ नाही आणि मातीही टाकाऊ नाही, दोहोंना आपापले काम वाटून द्या, हा विचार मराठवाड्यातील प्रत्येक पत्र्याच्या घरावर लिहून ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे पत्रा थेट डोक्यावर असतो.

आपल्याकडेही शहाणपणाचे एक काम झाले; ते बावन्न गावांच्या गाजावाजात झाकले गेले. ज्या गावांतील घरे तडकली पण पडली नाहीत, तेथे ती दुरुस्त व मजबूत करण्याचा कार्यक्रम घेण्यात आला. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतील बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. दुरुस्ती म्हणजे काय, पैसे कसे मिळतात, भिंतीत काय घालावयाचे, हे त्या घरोघर समजावून सांगत आणि काम झाले की नाही हे पाहत. भिंतीत दडलेला लोखंडाचा तुकडा कंत्राटदाराने घातला की नाही, हे तेथे उभ्या असलेल्या बाईइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

मजबुतीकरणाची कृती अवघड नाही. माळवदावरची जास्तीची माती उतरवून थर आठ इंचांच्या आत आणावयाचा आणि त्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरावयाचा, म्हणजे गळतीसाठी पुन्हा माती चढवावी लागत नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत आकडी सळई ठेवून काँक्रीट भरावयाचे. हाच जोडदगडाचा वारस. चौकटींच्या माथ्यावरून साऱ्या घराभोवती जाळी व सिमेंटचा पट्टा फिरवावयाचा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे ठोकळे मारावयाचे. नव्याने दगडी भिंत बांधावयाची असेल तर तिची जाडी दीड फुटाहून अधिक नको, आणि दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या आत, जोडदगड हवेत. भारतीय मानक ब्यूरोची या संबंधीची मानके १९९३ सालचीच आहेत. ती वाचावयास अभियंता असण्याची गरज नाही.

मग माळवदे का पडत आहेत, म्हणजे का पाडली जात आहेत? एक कारण भीती, आणि ती खरी आहे. भूकंपानंतर आमच्या गावातही लोक कित्येक महिने रानात, पाल ठोकून झोपले; ज्या भिंतींनी सावली दिली त्यांच्याकडे नंतर संशयाने पाहण्याची सवय लागली. दुसरे कारण सरकारी कागदावरचे 'कच्चे' आणि 'पक्के' हे दोन शब्द. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून घरकुलासाठी सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांचे साहाय्य ठरले. गरिबाला मिळणाऱ्या या पैशाविरुद्ध बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु पक्के घर म्हणजे स्लॅबचे घर अशी समजूत त्याबरोबर रुजली, आणि मजबूत केलेले माळवद कोणत्या रकान्यात बसते हे कोणी सांगत नाही. तिसरे कारण हातांचे. जोडदगड घडवणारे, सर बसवणारे गवंडी-सुतार म्हातारे झाले. त्यांची मुले पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर आहेत.

आमचे घर नऊ खणांचे. थोरले बंधू गावी राहून शेती पाहतात. माळवद उतरवून स्लॅब टाकावा असे त्यांचे मत आहे. वहिनींनाही दरवर्षी उंदीर, गळती आणि माती यांच्याशी झुंजण्याचा कंटाळा आला आहे, आणि ती झुंज मला करावी लागत नाही, हे त्यांनी मला स्पष्ट ऐकवले आहे. ते बरोबरच आहे. शहरात पंख्याखाली बसून माळवदाच्या गारव्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वर चढून माती सारखी करणारे कमी. म्हणून मी बंधूंपुढे एवढेच ठेवले की निर्णयापूर्वी घर मोजू. मागच्या उन्हाळ्यात आम्ही माळवदाला एका बाजूने खणले, तर मातीचा थर एकवीस इंच निघाला. त्यात वरून खाली निरनिराळ्या रंगांचे आठ-नऊ पट्टे स्पष्ट दिसत होते. खांब सागवानी आणि निरोगी आहेत, दोन सोडून. मागच्या भिंतीला पोट आहे; पुढच्या भिंतीत चार जोडदगड सापडले. थर्मामीटर मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून नेला होता. दुपारी तीन वाजता आतल्या खोलीत आणि शेजारच्या पत्र्याच्या खोलीत किती फरक होता ते बंधूंनी स्वतः वाचले आणि काही न बोलता थर्मामीटर परत दिला.

मागची भिंत उतरवून नव्याने बांधावी, माती आठ इंचांवर आणावी आणि वर एक हात सोडून पत्रा घालावा, असा एक अंदाज गवंड्याने काढून दिला आहे. स्लॅबच्या खर्चाहून तो कमी आहे, पण त्यास अनुदान नाही. शिवाय त्याला जोडदगड घडवणारा हात हवा, आणि तसा माणूस आता शेजारच्या तालुक्यात एकच उरला असल्याचे तो म्हणाला.

भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत आपापल्या गावी एक काम करावे. गावात माळवदे किती उरली, प्रत्येक किती खणांचे, मातीचा थर किती इंच, भार खांबांवर की भिंतीवर, भिंतीला पोट आहे का, आणि दुपारी तीनला आत-बाहेर तापमान किती, एवढे वहीत टिपून आणावे. त्या घरात राहणाऱ्या बाईला घराविषयी काय म्हणावयाचे आहे ते तिच्याच शब्दांत लिहावे, आपल्या शब्दांत नको. आणि जोडदगड घडवणारा कोणी भेटला, तर त्याचा पत्ता मला कळवावा. पावसाळ्याआधी हवा आहे.